पॅव्हेलियनबाहेरचा चहा

खेळाडूंनी खेळावे, राजकारणात पडू नये, असा उपदेश करणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. आमच्या अहमदपूरच्या बाररूममध्येही हा वाद अधूनमधून रंगतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या वेळी नामवंत क्रिकेटपटूंनी जवळपास सारख्याच शब्दांत ट्विट करून सरकारची बाजू उचलून धरली, तेव्हा मात्र हे उपदेशक गप्प होते. म्हणजे आक्षेप बोलण्याला नसतो, विरोधात बोलण्याला असतो. हा विषय निघाला की मला बाळू पालवणकर आठवतात. नव्या पिढीला हे नाव माहीत नाही. जुन्यांना माहीत आहे, पण ते घेत नाहीत. का घेत नाहीत, ते पुढे येईलच.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे बालपण पुण्यात गेले. गोऱ्यांच्या पूना क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळी बांधायची, हे त्यांचे काम. साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता हा डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. गोऱ्यांना हरवायचे तर हा माणूस पाहिजे, हे पुण्यातल्या हिंदू क्लबाच्या लक्षात आले आणि त्यांना संघात घेतले गेले.

पण कसे घेतले? चेंडू सगळ्यांनी हाताळायचा, त्याला विटाळ नाही. चहाची वेळ झाली की सवर्ण खेळाडू आत, कपबशीतून पिणार. बाळूंना चहा पॅव्हेलियनबाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचे पानही वेगळे. मैदानावर राजकारण आणू नका म्हणणाऱ्यांनी सांगावे, ते मातीचे भांडे मैदानावर कुणी आणले होते?

पुढे बाळू मुंबईला आले. १९०६ साली हिंदू संघाने गोऱ्यांना हरवले, त्यात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्यावेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा सांगतात. बाळू तेव्हा आपल्या सर्वांचा अभिमान होते.

एवढे करूनही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. वर्षामागून वर्षे गेली, कर्णधार ब्राह्मणच होत राहिला. बाळूंनी ते मुकाट्याने सोसले. त्यांचे धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी मात्र सोसले नाही. १९२० च्या चौरंगी सामन्यांत बाळूंना वगळले गेले आणि कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे गेले, तेव्हा या दोघा भावांनी कारण जाहीर करून संघातून अंग काढून घेतले. मेक्सिकोत १९६८ साली दोन कृष्णवर्णीय धावपटूंनी काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या, त्याच्या ४८ वर्षे आधीची ही गोष्ट आहे. परिणाम लगेच झाला. बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलवावे लागले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला. गप्प बसून जे वीस वर्षांत मिळाले नाही, ते एका बहिष्काराने मिळवून दिले.

आता आपल्याला अवघड जाणारा भाग. १९३२ साली बाळू स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात, राजा-मुंजे गटाकडे उभे राहिले. पुणे करारावर त्यांचीही सही आहे. पुढे मुंबई महापालिकेची निवडणूक त्यांनी हिंदू महासभेतर्फे लढवली व हरले. बाबासाहेबांची धर्मांतराची घोषणाही त्यांना मान्य झाली नाही. १९३७ साली काँग्रेसने मुंबईत थेट बाबासाहेबांविरुद्ध त्यांनाच उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक जेमतेम दोन हजारांचा! घटनाकार होणारा माणूस एका गोलंदाजाच्या लोकप्रियतेपुढे एवढ्या थोडक्यात बचावला.

म्हणून आपण त्यांचे नाव टाकून दिले. मी वकील आहे, आरोपीची बाजूही ऐकतो. बाळूंचे ते मत प्रामाणिक असू शकते. विटाळ मानणारे बदलतील, असे त्यांना वाटत असावे. बदललेले काही सवर्ण त्यांनी पाहिलेही होते. पण काँग्रेसचा हिशेब वेगळा होता. महारांच्या नेत्यासमोर चर्मकार वीर उभा करायचा आणि अस्पृश्यांची मते फोडायची, हा तो हिशेब. ज्या वर्गाने त्यांना बॅट दिली नाही, कप दिला नाही, कर्णधारपद दिले नाही, त्याने बाबासाहेबांविरुद्धचे तिकीट मात्र आनंदाने दिले. आजही आपल्या पोटजातींत हाच खेळ चालतो, उमेदवार तेवढे बदलतात.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंनी १७९ बळी घेतले. ४ जुलै १९५५ रोजी ते मुंबईत वारले. दीक्षाभूमीवरचा सोहळा तेव्हा सव्वा वर्षावर होता.