चापू ते मलिक अंबर

आपला अंथुर्णे-इंदापूरचा मुलूख एकेकाळी निजामशाहीत होता. त्या राज्याचा अखेरचा समर्थ कारभारी मलिक अंबर हा हबशाणात जन्मला. मूळ नाव चापू. गुलाम म्हणून तो अनेकदा विकला गेला. बगदादी मालकाने त्यास शिक्षण व ‘अंबर’ हे नाव दिले. पुढे दख्खनेत पेशवा चंगीजखानाने त्यास विकत घेतले. मायदेश, आप्त, नाव, सारे सुटले. तरी या परक्या भूमीस त्याने आपले मानले. जमिनीची प्रत पाहून सारा ठरविला, १६१० मध्ये खडकी वसविली, तेथे नहरीने पाणी आणले. १६२६ मध्ये तो निवर्तला. कबर खुलदाबादेत आहे.

वाचकहो, सब्र म्हणजे अन्याय गोड मानणे नव्हे. गाव सुटले, काम बदलले, तरी अल्लाहने जेथे ठेवले तेथे लोकांच्या उपयोगी पडणे, हीच मोमिनाची ओळख.