वासुदेव बळवंतांचे खाते

परवा खडवलीच्या स्थानकावर कल्याणकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत तीन गृहस्थ बसले होते. पहिला क्रांतिकारक कोण, वासुदेव बळवंत फडके की उमाजी नाईक, यावर दोघांचा वाद हातघाईवर आला होता. तिसरे गृहस्थ धान्याचे व्यापारी. ते इतकेच विचारीत होते की, ज्यांची घरे लुटली गेली त्यांचे नाव कोणत्या चौकास देणार? गाडी आली आणि वाद तेथेच राहिला. परंतु तिसऱ्या गृहस्थांचा प्रश्न आम्हांस सोडीना, म्हणून आज या विषयास हात घालीत आहो.

वासुदेव बळवंत आपल्याच भागातले. त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोण गावी झाला, आणि त्या काळी पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यात मोडत असे. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ साली इंग्रजी फौजेने तो किल्ला घेतला व किल्लेदारी संपली. नातवाचे शिक्षण काही काळ कल्याणात झाले. खडवलीवरून वाशिंदपर्यंत आगगाडी १८५५ साली सुरू झाली तेव्हा हा मुलगा दहाव्या वर्षात होता. पुढे त्याच जी. आय. पी. रेल्वेत त्यांनी थोडे दिवस नोकरी केली आणि नंतर पुण्यास लष्कराच्या हिशेबखात्यात ते कारकून झाले.

आईच्या अखेरच्या दुखण्यात रजा मिळाली नाही आणि तेथून सरकारविषयी तेढ उत्पन्न झाली, असे चरित्रकार सांगतात. आम्ही या हकिकतीस फारसे महत्त्व देत नाही. रजा नाकारली गेलेले कारकून त्या काळी कमी नव्हते, आजही नाहीत. त्याहून मोठी गोष्ट अशी की हा कारकून कचेरी सुटल्यावर स्वस्थ बसला नाही. न्यायमूर्ती रानडे यांची देशाच्या दारिद्र्यावरील व्याख्याने त्यांनी ऐकली, सार्वजनिक काकांचे स्वदेशीचे व्रत पाहिले, भावे व इंदापूरकर यांच्याबरोबर पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनच्या स्थापनेत भाग घेतला. पत्नी गोपिकाबाई यांस लिहावयास-वाचावयास शिकविले. आणि लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जाऊन शस्त्रविद्या घेतली. एका चित्पावन कारकुनाने मांग जातीच्या वस्तादास गुरू करावे, ही त्या काळच्या पुण्यात लहान गोष्ट नव्हती. पुतळ्यांपुढे भाषणे करणारे हा भाग चटकन् आटोपतात, याचे आम्हांस नवल वाटत नाही.

मग १८७६ चा दुष्काळ आला. वासुदेव बळवंत वेष पालटून दुष्काळी मुलखातून हिंडले. जे पाहिले त्याचा दोष त्यांनी सरकारच्या माथी मारला. त्याआधीच, मे १८७५ मध्ये, सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची खाती व रोखे जाळले होते. मुलूख तापलेला होता. फडक्यांची कल्पना अशी की श्रीमंतांकडून द्रव्य काढावे, त्यावर माणसे उभी करावी, तारा तोडाव्या, रेल्वे अडवावी, तुरुंग फोडावे, म्हणजे राज्य डळमळेल. ज्या रेल्वेत चाकरी केली तीच अडवावयाची हा बेत होता. बेत कागदावर बिनचूक होता. हिशेबखात्यातील माणसाचाच तो.

२० फेब्रुवारी १८७९ रोजी ते पुण्याजवळच्या लोणीबाहेर मंडळींसह निघाले. तीन दिवसांनी धामारीस पहिला दरोडा पडला. पुढे इतर गावी पडले. येथे खडवलीच्या त्या व्यापारी गृहस्थांचा प्रश्न उभा राहतो, आणि त्यास आडवळणाने उत्तर देणे आम्हांस मान्य नाही. ज्या घरांत रात्री मशाली शिरल्या, त्या घरच्या मंडळीस ही देशसेवा आहे असे वाटले नसेल. त्यांतील कित्येकांनी दुष्काळात कुणब्याची जमीन गिळली असेलही. परंतु तो निवाडा रात्रीच्या टोळीने करावयाचा नसतो. मेमध्ये दौलतराव नाईकाच्या टोळीने फडक्यांच्या शिरढोणाजवळच पळस्पे व चिखले ही गावे लुटली. मोठा ऐवज हाती लागला. तो घेऊन घाटाकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने टोळीस गाठले व दौलतराव गोळीस बळी पडला. बंडाचा कणा तेथे मोडला.

दौलतराव रामोशी होता. वासुदेव बळवंतांच्या टोळ्यांतील बहुतेक माणसे रामोशी होती. गडांची राखण व गावांची जागल हा ज्यांचा वंशपरंपरेचा हक्क, त्यांचाही पेशवाई बुडताच अन्नाचा आधार तुटला होता. किल्लेदाराचा नातू आणि किल्ल्याचा राखणदार असे दोघे एकाच कारणाने उघड्यावर आलेले! तरी फडक्यांनी आपल्या आत्मवृत्तात रामोश्यांविषयी तक्रारीचा सूर काढला आहे: त्यांचे लक्ष देशकार्यापेक्षा लुटीच्या वाट्याकडे. तक्रार खरी असेल. पण ज्याच्या घरी पोरे उपाशी आहेत त्याने वाटा मागितला तर तो लोभ, आणि ज्याने वाटा मागितला नाही त्याच्या नावे चौक, हा हिशेब आम्हांस एकतर्फी वाटतो. रामोश्यांनी आपले म्हणणे लिहून ठेवले नाही. त्यांस लिहावयास कोणी शिकविलेच नव्हते.

त्याच महिन्यात पुण्यास बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांस आग लागली. संशय अर्थातच बंडवाल्यांवर गेला. सरकारची नजर रानड्यांवरही वळली आणि त्यांची बदली धुळ्यास झाली. आगीशी फडक्यांचा संबंध नव्हता, हे पुढे उघड झाले. पुण्यातील प्रतिष्ठित मंडळींनी मात्र भीतीने म्हणा, मताने म्हणा, बंडाशी आपला काही संबंध नाही असे जाहीर करण्याची घाई केली. पुढच्या पिढीने त्यांच्याच नावाने जयजयकार केला.

फडके श्रीशैल मल्लिकार्जुनास गेले. तेथे निराशेच्या भरात त्यांनी आपली हकिकत लिहिली, मग रोहिल्यांची नवी फौज जमविण्याची खटपट केली. जुलै १८७९ मध्ये देवर नावडगी येथे डॅनियल व निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांस पकडले. पुण्यास संगमावर खटला चालला. सार्वजनिक काकांनी उघडपणे त्यांच्या बचावास उभे राहून मोठे धैर्य दाखविले. हाताने लिहिलेले आत्मवृत्तच त्यांच्याविरुद्ध पुरावा झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जे सरकार त्यांस दरोडेखोर म्हणत होते, त्यानेच त्यांच्यावर दरोड्यांबरोबर राजद्रोहाचा व राणीसरकाराविरुद्ध युद्धाची तयारी केल्याचाही आरोप ठेवला. केवळ चोरासाठी कोणी असली कलमे धुंडाळीत नाही. शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची झाली.

आज शिरढोणास त्यांचे स्मारक आहे, मुंबईत मेट्रो सिनेमाजवळच्या चौकास त्यांचे नाव आहे, १९८४ साली टपालखात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. हे योग्यच झाले. परंतु ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी गेलेले उमाजी नाईक हेही इंग्रजी राज्याविरुद्ध उठले होते, आणि तेही रामोशी, ही गोष्ट तारखा पाहणाऱ्यास नाकारता येणार नाही. पहिला कोण, या भांडणात दोन्ही बाजूंस आपापल्या जातीचा मान दिसतो. दौलतरावाचे नाव मात्र त्या भांडणातही कोणी घेत नाही.

आमची सूचना अगदी साधी आहे. १७ फेब्रुवारीस, म्हणजे फडक्यांच्या पुण्यतिथीस, आपल्याकडील शाळांत व वाचनालयांत त्यांचे चित्र लावतील तेव्हा शेजारी उमाजी, लहुजी व दौलतराव यांची नावे लिहावी, आणि व्याख्यात्याने पळस्प्याच्या रात्रीची हकिकत गाळू नये. ऐकणाऱ्यांत ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या दुकान आहे असेही लोक असतील व ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या जागल होती असेही असतील.

शिक्षेनंतर वासुदेव बळवंतांस प्रथम ठाण्याच्या तुरुंगात ठेवले होते. जेथून आज खडवलीचा माणूस तासाभराच्या प्रवासाने घरी येतो, त्या ठाण्याहून १८८० च्या जानेवारीत त्यांस एडनला रवाना करण्यात आले. तेथेही त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून पळ काढला आणि ते पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनलाच त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे सदतीस होते.