भाभांच्या वारशातील अपुरे काम

डॉ. होमी भाभा म्हटले की अणुशक्ती आठवते. रुग्णशय्या सहसा आठवत नाही. १९०९ मध्ये मुंबईत जन्मलेला, केंब्रिजमध्ये घडलेला हा शास्त्रज्ञ महायुद्धामुळे मायदेशीच राहिला. १९४५ मध्ये त्याने टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. १९५६ मध्ये तुर्भे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली, तर १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवरील विमान अपघाताने ही कारकीर्द अकाली संपविली.

परळच्या त्याच केंद्रात २००२ मध्ये देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आला. कर्करोगाचा शोध घेण्यासाठी त्यात तयार होणारे फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते. असा माल परदेशातून मागविता येत नाही आणि गोदामात साठविताही येत नाही. भिवापूरची वाळलेली मिरची बाजारभावाची वाट पाहू शकते. हे द्रव्य कोणासाठी थांबत नाही.

तेव्हा उत्पादन स्वदेशी झाले म्हणजे ते रुग्णाच्या आवाक्यात आले, असे नव्हे. येथे अंतर हीच किंमत आहे, आणि ती बहुधा भिवापूरसारख्या गावचा रुग्णच मोजतो. स्वावलंबनाचा भाभांनी मांडलेला डाव तालुक्याच्या रुग्णापर्यंत पोहोचविणे, हे त्यांच्या वारसांचे कर्तव्य होय.