गेम बॉयला रंगीत स्क्रीन का नव्हता? गुनपेई योकोई यांची गोष्ट

१९६५ मध्ये गुनपेई योकोई निन्टेंडोत लागले ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. पुढे रेल्वेत कॅल्क्युलेटरशी चाळा करणारा प्रवासी पाहून त्यांना खिशात मावणारा गेम सुचला. १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आला.

जुनं, स्वस्त तंत्रज्ञान नव्या कामाला लावायचं, हे त्यांचं सूत्र. म्हणूनच १९८९ च्या ‘गेम बॉय’ला त्यांनी मुद्दाम बिनरंगी स्क्रीन दिला. किंमत कमी राहिली आणि चार पेन्सिल सेल कित्येक तास पुरू लागले. सेगा, अटारीचे रंगीत कन्सोल सहा सेल काही तासांत संपवायचे. बाजी गेम बॉयने मारली.

१९९५ चा ‘व्हर्च्युअल बॉय’ मात्र साफ आपटला. पुढच्या वर्षी योकोईंनी निन्टेंडो सोडली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी, वयाच्या ५६व्या वर्षी, रस्त्यावरच्या अपघातात ते गेले.