तलवारींच्या कमानीमागचे तळघर

अमेरिकेतील कॅथलिक चर्चमध्ये मोठा समारंभ असला, की कित्येकदा दाराशी दुतर्फा तलवारी धरून उभे असलेले पुरुष दिसतात. बिशपांची मिरवणूक त्यांच्यामधून जाते. हे ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ या बंधुसंघाच्या चौथ्या श्रेणीचे सभासद. देशभक्ती हे या श्रेणीचे ब्रीद. पाहणाऱ्याला तो निव्वळ थाटमाट वाटतो. पण हा संघ जन्मला तो एका चर्चच्या तळघरात, आणि त्याच्या मुळाशी होती अनाथ मुलांची काळजी.

संस्थापक फादर मायकल मॅकगिव्हनी यांचा जन्म १२ ऑगस्ट १८५२ रोजी कनेक्टिकट राज्यातील वॉटरबरी गावी झाला. आई-वडील आयर्लंडहून आलेले, वडील ओतकाम करणारे कामगार. तेरा भावंडांत मायकल थोरले. त्यांतली सहा लहानपणीच दगावली. तेराव्या वर्षी मायकल चमच्यांच्या कारखान्यात कामाला लागले. पुढे धर्मगुरू होण्यासाठी ते शिकत असताना १८७३ मध्ये वडील वारले. कर्ता पुरुष गेला की घराचे काय होते, हे त्यांनी स्वतःच्याच घरात पाहिले.

१८७७ मध्ये गुरुदीक्षा घेऊन ते न्यू हेवनच्या सेंट मेरी चर्चमध्ये आले. कॅथलिकांची निष्ठा देशाशी की पोपशी, असा संशय तेव्हा उघडपणे घेतला जाई. कारखान्यांत अपघात आणि आजार नित्याचे. बाप गेला आणि मुलांच्या पालनपोषणाची हमी कोणी दिली नाही, तर न्यायालय त्यांना घरापासून तोडू शके. अशाच एका मुलासाठी फादर स्वतः पालक म्हणून न्यायालयात उभे राहिले.

ऑक्टोबर १८८१ मध्ये त्यांनी चर्चच्या तळघरात काही पुरुषांना जमवले आणि २९ मार्च १८८२ रोजी संघाला राज्याची मान्यता मिळाली. सभासद वारला तर इतरांनी वर्गणी काढून त्याच्या विधवेला आधार द्यायचा, अशी योजना होती. नावासाठी कोलंबसाची निवडही विचारपूर्वक होती. अमेरिकेचा शोध लावणारा म्हणून जो सर्वांना वंद्य होता, तोच कॅथलिक होता. मग कॅथलिक या देशात परके कसे?

पुढे थॉमस्टनच्या चर्चची जबाबदारी सांभाळताना फादरांना न्यूमोनियाने गाठले. १४ ऑगस्ट १८९० रोजी, अडतिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, ते गेले. देशभक्तीची चौथी श्रेणी १९०० मध्ये सुरू झाली. ती त्यांनी पाहिलीच नाही. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी हार्टफर्ड येथील सोहळ्यात त्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

काळाबरोबर संघाचा पोशाखही बदलला. पिसांच्या टोप्या आणि झगे जाऊन साधा कोट आणि बेरे टोपी आली. तलवार मात्र राहिली. तळघरात सुरू झालेली विम्याची व्यवस्थाही टिकून आहे. देशावर प्रेम आहे हे मिरवणुकीत दाखवता येते. पण शेजाऱ्याच्या पोरक्या मुलांची जबाबदारी घेऊन ते सिद्ध करण्याची वाट फादरांनी त्याआधीच घालून दिली होती.