सर अल्बर्ट हॉवर्ड : गव्हाच्या दाण्यापासून इंदूरच्या खतापर्यंत

इंदूरचे नाव जगभरच्या शेतीग्रंथांत नेणारे सर अल्बर्ट हॉवर्ड हे मुळात खताचे नव्हे, तर बियाण्याचे संशोधक होते. इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातील शेतकरी कुटुंबात १८७३ साली त्यांचा जन्म झाला. १९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. पत्नी गॅब्रिएल याही त्याच तोलाच्या संशोधक. देशी गव्हाच्या सरमिसळ पिकातून निवड करीत या दांपत्याने ‘पुसा ४’, ‘पुसा १२’ यांसारखे वाण सिद्ध केले.

हे बियाणे सरकारी खर्चाने निर्माण झाले होते. शेतकऱ्याने ते एकदा पेरले, की पुढच्या वर्षी घरचेच बी राखावे, शेजाऱ्यालाही द्यावे. त्यावर कोणाचा हक्क नव्हता. मात्र सुधारित बी निकस जमिनीत फारसे फळत नाही, हे हॉवर्ड यांना लवकरच उमगले. पुशात वाण, माती आणि रोग यांचे विभाग वेगळे; त्यांना पीक अखंड पाहायचे होते.

ती मोकळीक १९२४ मध्ये इंदूरला मिळाली. जमीन होळकर संस्थानाने दिली, खर्चाचा मोठा भार भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने उचलला. समितीचा पैसा कापसावरील उपकरातून येई. म्हणजे व्यापाराचा पैसा सार्वजनिक संशोधनाकडे वळला होता. येथे पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाडीच्या चाकांखाली चिरडल्या जात. मग त्या, पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचले जात. ठरावीक काळाने उलथापालथ केली, की सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. यामागे चिनी शेतकऱ्यांची जुनी रीत होती आणि हॉवर्ड यांनी ते ऋण कधी लपवले नाही.

१९३० मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेने कलमांनी वाढणाऱ्या नव्या वाणांवर पेटंट देणारा कायदा केला. हॉवर्ड यांनी मात्र १९३१ मध्ये सहकारी यशवंत वाड यांच्यासह आपली पद्धत बारीकसारीक तपशिलांनिशी ग्रंथरूपाने सर्वांपुढे ठेवली आणि ते मायदेशी परतले. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. कृषितज्ज्ञांपैकी अनेकांनी या पद्धतीकडे पाठ फिरवली. ती उत्साहाने उचलली चहा-कॉफीच्या मळेवाल्यांनी. हॉवर्ड १९४७ च्या ऑक्टोबरात निवर्तले. त्यांच्या इंदूरच्या संस्थेच्या जागी पुढे कृषी महाविद्यालय उभे राहिले.