मसल कार यायच्या ३० वर्षं आधी होळकर महाराजांकडे ३२० हॉर्सपॉवरची गाडी होती, पण अशा गाडीचा खरा विषय असतो क्लच

रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालात की साखरपा मागे पडतो आणि आंबा घाट सुरू होतो. चढाला पुढे लोडेड ट्रक आला, मागे गाड्यांची रांग लागली, सगळे हाफ क्लचवर गाडी रेटायला लागले की थोड्या वेळात जळका वास येतो. जाणकार माणूस लगेच ओळखतो, कुणाची तरी क्लच प्लेट चालली.

८०-९० हॉर्सपॉवरच्या गाडीची ही तऱ्हा, तर ३२० हॉर्सपॉवरच्या गाडीचं काय? तेही १९३५ साली?

अशी गाडी एका मराठी राजाकडे होती. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे.

होळकर घराणं मूळचं नीरा नदीकाठच्या होळ गावचं. यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. १९२५ मध्ये मुंबईत बावला खून प्रकरण गाजलं, त्याचे धागे इंदूर दरबारापर्यंत गेले आणि १९२६ मध्ये वडील तुकोजीराव यांना गादी सोडावी लागली. यशवंतराव तेव्हा १७ वर्षांचे होते. गादी मिळाली, पण कारभाराचे पूर्ण अधिकार आले थेट १९३० मध्ये. म्हणजे इंजिन होतं, पण क्लच इंग्रजांच्या पायाखाली होता.

शिक्षण इंग्लंडमध्ये झालं, ऑक्सफर्डपर्यंत. डोक्यात युरोपची आधुनिक कला भिनली होती. जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी इंदूरला माणिकबाग हा एकदम मॉडर्न राजवाडा बांधून घेतला. ब्रांकुशीसारख्या शिल्पकाराची कामं विकत घेतली.

गाडीची निवडही तशीच तगडी. अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजे. इंजिन आणि चासी अमेरिकेची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीची, रंग केशरी-काळा. एवढी लांबलचक गाडी आणि सीट फक्त दोन. ६.९ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन आणि त्यावर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. कंपनी ताकद सांगायची ३२० हॉर्सपॉवर.

१९६४ मध्ये अमेरिकेत पाँटियाक जीटीओ आली, तिथून मसल कारचा जमाना सुरू झाला असं मानतात. तिची ताकद होती ३२५ हॉर्सपॉवर. म्हणजे होळकरांची गाडी काळाच्या जवळजवळ ३० वर्षं पुढे होती.

पण इंजिन ताकद तयार करतं, ती चाकाकडे पाठवायचं काम क्लच आणि गिअरबॉक्सचं. ड्यूसेनबर्गला इथेच अडचण आली होती. या मॉडेलला सुरुवातीला चार गिअरचा गिअरबॉक्स होता. त्याला इंजिनची ताकद झेपली नाही, म्हणून तीन गिअरचा दणकट गिअरबॉक्स बसवला. त्यात सिंक्रोमेश नव्हता. त्यामुळे गिअर बदलताना डबल क्लच करावा लागायचा. क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, इंजिनचा वेग जुळवायचा आणि परत क्लच दाबून गिअर टाकायचा.

आता मुद्द्याचं. अशा जुन्या, ताकदवान गाडीला क्लच निवडायचा कसा?

पहिली गोष्ट, हॉर्सपॉवरच्या आकड्यावर जाऊ नका, टॉर्क बघा. क्लच प्लेट घसरते ती टॉर्कमुळे. इंजिनच्या सगळ्यात जास्त टॉर्कपेक्षा क्लचची क्षमता थोडी जास्त हवी.

दुसरी, पकड चार गोष्टींवर ठरते. प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटचा व्यास, लायनिंगचं मटेरियल आणि प्लेट किती आहेत. नुसता दाब वाढवला तर पेडल इतकं जड होतं की ट्रॅफिकमध्ये गुडघा बोलायला लागतो. मोठ्या इंजिनाला दोन प्लेटचा क्लच लावतात तो यासाठीच. तेवढ्याच दाबात घासणारे पृष्ठभाग दुप्पट होतात, म्हणून पकडही जवळपास दुप्पट.

तिसरी, वापर. रस्त्यावर चालवायची असेल तर ऑरगॅनिक लायनिंग बरं, गाडी गुळगुळीत सुटते. सिरॅमिक लायनिंग उष्णता जास्त सोसतं, पण ते झटक्यात धरतं. रेसला ठीक, घाटातल्या जॅममध्ये मात्र प्रत्येक वेळी गचका.

आणि चौथी, जी बरेच जण विसरतात. क्लच घराच्या फ्यूजसारखा असतो. तो जरा घसरला की झटका तिथेच जिरतो. गरजेपेक्षा फारच कडक क्लच टाकला, तर तोच झटका गिअरबॉक्स आणि ॲक्सलवर जातो. प्लेट नवी मिळते, ९० वर्षं जुन्या गाडीचा गिअर मिळत नाही.

यशवंतरावांच्या काळात होळकरांच्या क्रिकेट टीमने सी. के. नायडूंच्या नेतृत्वात रणजी ट्रॉफी गाजवली. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. इंदूरचं एमवाय हॉस्पिटल आजही त्यांच्याच नावाने चालतं, आणि ती केशरी-काळी ड्यूसेनबर्ग पुढे अमेरिकेत गेली, आजही जपून ठेवलेली आहे.

तुमच्या घरी जुनी जीप असो की इंपोर्टेड मसल कार, हिशोब तोच. ताकद किती आहे हे नंतर सांगा, आधी क्लच ती सांभाळतोय का ते बघा.